एक माप तेल

भिला मिस्त्रीने ते मुद्दाम केलं की सवयीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा धंदाच ठरवण्याचा आहे. समोरच्या माणसाच्या चपला, त्याच्या हातातली किल्ली आणि सोबत आलेल्या बायकोचा चेहरा एकदा पाहिला की हा कुठपर्यंत चढेल आणि कुठे उठून जाईल, हे मला कळतं. त्यात मी फार वेळा चुकलेलो नाही. पण ज्याच्याबरोबर आठ वर्षं सकाळचा चहा घेतला, त्या माणसाच्या एका कृतीचा अर्थ मला लागत नाही. कधी वाटतं, त्याने माझं वाटोळं केलं. कधी वाटतं, वाचवलं. आणि कधी वाटतं, त्याने काहीच केलं नाही, दारात आलेल्या एका गाडीला पाहुण्यासारखं वागवलं, एवढंच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या द्वारका चौकाच्या अलीकडे मी जुन्या मोटारसायकलींचा धंदा सुरू केला. त्याआधी मखमलाबादच्या आमच्या मळ्यातली कोथिंबीर सायकलवर लादून बाजारात नेत होतो. भांडायला तिथेच शिकलो. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि ओळीने उभ्या केलेल्या सात-आठ गाड्या. शेजारी लिंबाच्या झाडाखाली भिला मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज तरी काय? एक लोखंडी पेटी, बसायला उलटा ठेवलेला ग्रीसचा डबा आणि फांदीला टांगलेली एक फाटकी ट्यूब. ती ट्यूब हीच त्याची पाटी. मिस्त्री मूळचा सटाण्याकडचा. इतक्या वर्षांत त्याचं बोलणं नाशिकचं झालं होतं, पण ‘आहे’च्या जागी ‘शे’ आणि ‘आहेत’च्या जागी ‘शेत’ राहून गेलं होतं, आणि रागावला किंवा खूश झाला की गावाकडची आणखी थोडी बोली वर यायची. उजव्या कानामागच्या हाडावर ग्रीसचा एक काळा डाग होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं आणि मूठ त्या हाडाला टेकवून आतलं ऐकायचं, ही त्याची रीत. त्याचा तो डाग. दिवाळीच्या आंघोळीनेही गेलेला मी पाहिला नाही.

पण आधी त्याच्या पाठीबद्दल सांगायला हवं. मिस्त्री गाडी बघत नसे. गाडी आली की तो तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा, उजवा हात खांद्याच्या वर उचलायचा आणि म्हणायचा, “हां, मार किक.” गाडी सुरू झाली की हात तसाच वर. ऐकून झालं की हात खाली. मग वळून एखादंच वाक्य.

“डोळे फितूर होतात,” तो म्हणायचा. “रंग पाहिला की गेले तिकडे. कान घरचे शेत.”

आमची ओळखही या पाठीनेच झाली. माझी पहिली मोठी खरेदी होती. लाल रंगाची टू-स्ट्रोक, टाकीत तोंड दिसावं अशी. विकणारा पांढऱ्या सदऱ्यातला सद्गृहस्थ. “डॉक्टरांची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर,” एवढं एकच वाक्य त्याने मला पाच वेळा ऐकवलं. दोन तास घासाघीस करून मी त्याला खाली आणला होता आणि मनातल्या मनात खूश होतो. तेवढ्यात झाडाखालून हा माणूस उठून आला आणि न विचारता आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“मार किक.”

“कोण तुम्ही?”

“शेजारी शे. मार.”

मारली. हात वर राहिला, मग खाली आला.

“दोन कॅनची गाडी शे ही.”

“म्हणजे?”

“दूधवाल्याची. क्लच ऐक, खुळखुळा झालाय त्याचा. थांब, चाल, थांब, चाल, असा जन्म गेला हिचा.” मग त्या सद्गृहस्थाकडे वळून अगदी साध्या आवाजात, “डॉक्टरसाहेब घरोघर दूध घालत व्हते का हो?”

सद्गृहस्थ उखडला. मी मागची सीट उचलली, तर दोन्ही अंगांना कॅनच्या आकड्यांनी पडलेल्या खाचा, आणि त्यावर ताजा रंग. मग मी त्या माणसाला असा झापला की तो समोरचा चहा तसाच टाकून उभा राहिला. गाडी मी घेतलीच, पण माझ्या भावात. मिस्त्री अजून तिथेच होता.

“आता विकणार कोणाला?”

“येईल त्याला.”

“दूधवाल्याला वीक. दुसऱ्याला विकलीस तर मी पुन्हा असाच पाठ करून उभा ऱ्हाईन.”

माझं डोकं तापलं. दुकान माझं, गाडी माझी, आणि हा कोण मला सांगणारा? पण महिन्याभराने आडगावच्या एका दूधवाल्याने ती गाडी नेली आणि पुढे त्याच्या तीन भावांनी माझ्याकडूनच गाड्या घेतल्या. ती गाडी विकली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीचा चहा माझ्या खात्यातून यायला लागला. मी त्याचे आभार मानले नाहीत. त्यानेही वाट पाहिली नाही.

त्याच्या पेटीत अॅल्युमिनियमचं एक माप होतं, दूधवाल्याकडे असतं तसं, लांब दांड्याचं. कोणतीही गाडी झाडाखाली आली की मिस्त्री आधी टाकीचं झाकण उघडायचा, मापभर तेल ओतायचा, झाकण लावायचा आणि हँडल आणि सीट धरून गाडी डावीकडे-उजवीकडे डुलवायचा. आत पेट्रोल डचमळायचं. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन जाम होतं, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पंपावरही लोक तेल घातलं की गाडी अशीच कमरेने हलवायचे. त्यात नवल नव्हतं. नवल हे की या तेलाचे पैसे मिस्त्री घेत नसे.

“काय मिस्त्री, खैरात चालवलीय?” मी एकदा विचारलं.

“दारात आलेल्याला पाणी देतोस ना? पैसे घेतोस?”

“मी तर घेईन.”

“तू घेशील. तू कोथिंबीरशेठ.”

हे नाव त्यानेच पाडलं आणि सगळ्या द्वारकेवर फिरलं. अजून काही जुने लोक त्याच नावाने हाक मारतात. मला राग येतो, पण वळून बघतो.

तेल जळलं की धूर येतो. धूर आला की मिस्त्री नाक वर करायचा, स्वयंपाकघरातून वास आल्यावर करतात तसं. निळसर धूर, पांढरा धूर, काळा धूर, प्रत्येकाचं त्याच्याकडे निदान होतं. “धूर म्हणजे गाडीचं बोलणं,” तो म्हणायचा. “बोलती गाडी बरी. तिचं दुखणं कळतं.”

मग लोकांची आवड बदलायला लागली. ती कोणत्या दिवशी बदलली हे मला सांगता येणार नाही. आधी गिऱ्हाईक येऊन टाकीवर थाप मारायचं, किक मारून बघायचं, सायलेन्सरच्या मागे हात धरायचं. मग एकेक जण किल्लीला हात लावायच्या आधीच विचारू लागला, “ॲव्हरेज किती?” अंबडच्या कारखान्यांतली मुलं, नाशिक रोडचे नोकरदार, दिंडोरीकडचे बागायतदार, सगळ्यांच्या तोंडी तोच एक प्रश्न. फोर-स्ट्रोक गाड्या आल्या होत्या. तेल पेट्रोलमध्ये घालायला नको, ते खाली इंजिनात वेगळं. धूर नाही, आवाज शिवणयंत्रासारखा, आणि एका लिटरमध्ये माणूस गावाला जाऊन परत यायचा.

पहिली फोर-स्ट्रोक माझ्याकडे आली तेव्हा मिस्त्री नेहमीप्रमाणे पाठ करून उभा राहिला. हात वर.

“हां, मार किक.”

मी मारली.

“मार ना.”

“मारली, मिस्त्री.”

“मग?”

“चालू आहे.”

तो वळला. रस्त्यावर ट्रकांची घरघर होती, त्यात ते शिवणयंत्र त्याला ऐकूच गेलं नव्हतं. त्याने सायलेन्सरजवळ बसून नाक वर केलं. काही नाही. “ही बोलत का नही रे?” तो म्हणाला. चिडून नाही, एखादं मूल वर्गात बोलत नाही म्हणून मास्तर काळजीने विचारतात, तसा.

याचा अर्थ त्याला फोर-स्ट्रोक कळत नव्हती असा नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने एक इंजिन उघडून वर्तमानपत्रावर मांडलं. दोन दिवस त्या तुकड्यांसमोर बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं जोडलं. एक नट उरला. गाडी व्यवस्थित सुरू झाली, तरी तो नट त्याने महिनाभर सदऱ्याच्या खिशात बाळगला आणि अधूनमधून बाहेर काढून बघायचा. तेव्हा तेल कुठे घालायचं आणि कुठे नाही, हे त्याला माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे याचाच घोळ आहे.

माझं आणि त्याचं खरं वाजायचं ते गिऱ्हाइकावरून. सुरगाण्याकडचे एक गुरुजी आले होते. खिशात सोसायटीच्या कर्जाचे पैसे आणि तोंडात ॲव्हरेज. मी त्यांना एका फोर-स्ट्रोकवर जवळपास बसवलं होतं. मिस्त्रीने झाडाखालूनच विचारलं, “गुरुजी, रस्ता कोणता?”

“पेठवरून पुढं.”

“म्हणजे घाट. घाटात गाडीवर कोण कोण बसतं?”

“मी, मंडळी, दोन पोरं.” गुरुजी जरा थांबले. “आन भात काढला की पोतं.”

“ही सपाटीची गाडी शे. घाटात तुमी पुढं हँडल धरून, बाई मागून धक्का मारताय. शाळेची पोरं रस्त्याने चालली तर काय म्हणतील?”

गुरुजी हसले, बाकड्यावरची चार माणसं हसली, आणि फोर-स्ट्रोक तिथेच मेली. गुरुजी एक जुनी टू-स्ट्रोक घेऊन गेले. त्या गाडीत मला चहापुरतं सुटलं. ते गेल्यावर मी मिस्त्रीवर असा ओरडलो की समोरचा पानवाला बाहेर आला.

“माझं गिऱ्हाईक होतं ते!”

“गिऱ्हाईक तुझं. घाट तर त्याचा शे ना?”

पुढच्या वर्षी गुरुजी परत आले. पिशवीभर नागली, घरच्या शेतातली नाचणी, त्यांनी मिस्त्रीच्या पेटीवर ठेवली. मला दुरून नमस्कार केला. ती नागली मला आजही दिसते.

तरी वारं कुठे चाललंय हे मला दिसत होतं. जुन्या गाड्या विकून मी फार तर पत्रे बदलले असते. एका कंपनीने नाशिकमध्ये आपल्या फोर-स्ट्रोकसाठी दुसरी एजन्सी द्यायचं ठरवलं. कंपनीचं नाव घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. शर्यतीत दोघं उरलो होतो. एक मी, आणि दुसरा गंगापूर रोडचा एक जण. त्याच्याकडे बापाची जागा आणि काचेचं दुकान होतं. माझ्याकडे गिऱ्हाईक होतं. मी शेजारचा गाळा घेतला, फरशी बसवली, काच लावली. मखमलाबादचा वाटणीचा मळा त्यात गेला. घरात भाऊ माझ्याशी वर्षभर बोलला नाही. हे सगळं एका सकाळसाठी होतं. पुण्याहून कंपनीचे साहेब येणार, जागा बघणार, गाडीवर एक चक्कर मारणार आणि ठरवणार.

कंपनीच्या कागदावर मेकॅनिकचीही अट होती. शिकलेला हवा, कंपनीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, अंगावर कंपनीचा निळा शर्ट हवा. आदल्या संध्याकाळी मी मिस्त्रीकडे गेलो. जे बोलायचं ते चहाबरोबर उरकून टाकावं म्हणून दोन ग्लास हातात घेऊन गेलो.

“मिस्त्री, उद्या साहेब येतील तेव्हा तुम्ही जरा मागे राहा.”

“झाडाच्या मागे?”

“दिसू नका, एवढंच. आणि एजन्सी मिळाली की तुमचंही बघतो. गाड्या धुवायला माणूस लागणारच आहे.”

त्याने ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. त्याने कोणाकडे सरळ बघणं हेच दुर्मीळ होतं. मग म्हणाला, “बरं.”

हे ‘बरं’ मी हजार वेळा मनात फिरवलं आहे. त्यात काही होतं का? मला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. कान त्याचे होते.

दाखवायची गाडी आधीच ट्रकने आली होती. सकाळी तिला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. टाकीत मी लिटरभर पेट्रोल घातलं होतं. साहेबांची चक्कर चौकापर्यंतची. टाकी भरून कशाला द्यायची?

साहेब आले. फरशी बघितली, काच बघितली, मान हलवली. “चला, गाडी काढा,” म्हणाले. मी स्वतः किक मारली. शिवणयंत्र सुरू झालं. साहेब सीटवर बसले, मागे वळून माझ्याकडे बघून हसले आणि निघाले. पन्नास पावलं गेले असतील. आधी एक निळसर रेघ दिसली. मग ती फुगली. मग गाडीच्या मागे निळा ढग धरला आणि तो माझ्या नव्या काचेवर येऊन बसला. गाडी दोनदा खोकली आणि वळणावर बंद पडली. साहेब तिला हाताने ढकलत परत आले. पांढऱ्या शर्टाच्या बाहीने नाक पुसत त्यांनी विचारलं, “ही फोर-स्ट्रोकच आहे ना?”

“हो, साहेब.”

“मग हा धूर?”

मी वाकून सायलेन्सरकडे बघितलं. तेवढ्यात झाडामागून मिस्त्री पुढे आला. नाक वर होतं. त्याने दीर्घ वास घेतला आणि म्हणाला, “आता बोलली.”

मला कळायला क्षण लागला. “काय केलंस तू?” मी ओरडलो. आठ वर्षांत मी त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हणालो होतो.

“तेल दिलं.”

“कोणी सांगितलं होतं?”

“दारात आली व्हती.”

साहेब हसले. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि ते थोपटणं मला शिवीपेक्षा जास्त लागलं. आठवड्यात पत्र आलं. एजन्सी गंगापूर रोडला गेली.

त्या दिवशी मी मिस्त्रीला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याला हाकललं, असं मी लोकांना सांगत आलो. पण झाड माझं नव्हतं, रस्त्याचं होतं. त्याला हाकलायचा मला काही अधिकार नव्हता. तरी तो गेला. एका हातगाडीवर पेटी आणि ग्रीसचा डबा चढवला आणि ढकलत घेऊन गेला. फांदीची ट्यूब तशीच राहिली.

राग खाली बसल्यावर दोन गोष्टी वर आल्या. त्या मी बरीच वर्षं कोणाला सांगितल्या नाहीत. एक म्हणजे, टाकी भरलेली असती तर एक माप तेलाने एवढा ढग उठलाच नसता. दहा लिटरमध्ये ते कुठल्या कुठे मिसळून गेलं असतं. माझ्या लिटरभर पेट्रोलमध्ये ते उठून दिसलं. आणि दुसरी म्हणजे, मी त्याला ते करताना पाहिलं होतं. सकाळी हार ओवत असताना समोर मिस्त्री गाडी डावीकडे-उजवीकडे डुलवत होता. मी पाहिलं आणि पुन्हा फुलांकडे वळलो. आठ वर्षं रोज बघितलेलं, त्यात बघण्यासारखं काय? मग जे माझ्या डोळ्यांनी सवयीने केलं, ते त्याच्या हातांनी सवयीने केलं नसेल कशावरून? पण ‘आता बोलली’ हे शब्द सवयीचे वाटत नाहीत. आणि तो उरलेला नट? आणि ते ‘बरं’?

पुढचं तर आणखी गोंधळाचं. गंगापूर रोडच्या त्या माणसाने पहिली दोन वर्षं जोरात काढली. मी त्याच्या काचेसमोरून जाताना मान वळवत असे. मग लोकांची आवड पुन्हा फिरली. कॉलेजची मुलं आली. त्यांना ॲव्हरेज नको, पिकअप हवा, पुढे डिस्क ब्रेक हवा, रुंद टायर हवा. ती शिवणयंत्रं त्यांना वडिलांची गाडी वाटायला लागली. कंपनीने ते मॉडेल बंद केलं, दुसरं काढलं, तेही चाललं नाही. माल पडून राहिला, दुकान उठलं. आज त्या काचेमागे साड्या आहेत. मी मात्र पत्र्याखाली जुन्या गाड्या विकत टिकून होतो. मग मी बुडालो की वाचलो? भाऊ म्हणतो, “मिस्त्रीचे पाय धर.” मळा गेला तो गेलाच, त्याचं काय?

आणि एवढ्यावर थांबेल तर ती आवड कसली? दोन हजारच्या दशकाच्या शेवटी शेवटी मुलं माझ्याकडे जुन्या टू-स्ट्रोक शोधत येऊ लागली. ज्या मी भंगाराच्या भावाने काढल्या होत्या, त्यांच्यासाठी फोनवर फोन. एक मुलगा म्हणाला, “काका, आवाज तोच हवा. आणि धूर हवा.” धूर हवा! मी त्या मुलाकडे बघतच राहिलो. ती विचारायची, “याला ट्यून करणारा कोणी जुना मिस्त्री आहे का?” त्याच महिन्यात एक माणूस विजेवर चालणाऱ्या स्कूटरची एजन्सी घेऊन माझ्या मागे लागला होता. एका दारातून धूर मागणारे, दुसऱ्या दारातून इंजिनच नसलेली गाडी. पुढे काय चालणार हे मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला तरी विचारावंसं वाटलं, आणि विचारण्यासारखं एकच नाव सुचलं. पत्ता पानवाल्याकडे होता.

मिस्त्री अंबडजवळ मुलीकडे राहत होता. त्या माणसाने चालवून बघायला दिलेल्या विजेच्या स्कूटरवरच मी गेलो. दारात मुलगी सुनंदा धान्य निवडत होती. “बाबांना आता दिसत नाही फारसं,” ती म्हणाली. “कान चांगले आहेत. रस्त्याने गेलेली गाडी कोणाची ते सांगतात. पण हल्ली चिडतात. म्हणतात, सगळ्या एकाच आवाजात बोलायला लागल्या.”

तो ओट्यावर बसला होता. वाळला होता. कानामागचा डाग होता.

“कोण?”

“मी, मिस्त्री.”

“कोथिंबीरशेठ,” तो म्हणाला, जणू मी सकाळच्या चहाला उशिरा आलो होतो. “कशावर आलास? काही ऐकू नही आलं.”

“गाडीवर.”

तो भिंत चाचपत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात तेच माप, भरलेलं. मी काही बोलायच्या आत तो गाडीपाशी पोचला होता. डबा खाली ठेवला आणि मोकळा हात तिच्यावरून फिरायला लागला.

“टाकी कुठं?”

“नाही.”

“इंजिन?”

“नाही, मिस्त्री. बॅटरी आहे.”

“सायलेन्सर?”

“तोही नाही.”

सीटखाली झाकण असलेली चार्जिंगची जागा होती, ती त्याच्या अंगठ्याला लागली. तिथे अंगठा थांबला. मग त्याने ते झाकण हलकेच लावलं. “मग ही आजारी पडली तर कळतं कसं?” त्याने विचारलं. त्याने डब्याचं तोंड बोटाने शोधलं आणि मापातलं तेल, एक थेंब न सांडता, परत डब्यात ओतलं. भरलेलं माप परत ओतताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे न चालणारं तेल परत ओतणं त्याला जमत होतं. की ते तो त्या दिवसानंतर शिकला?

मी विचारलंच. “मिस्त्री, साहेब आले होते त्या दिवशी… तुम्हाला माहीत होतं ना, त्या गाडीला तेल चालत नाही ते?”

“कोणते साहेब?”

मी सगळं सांगितलं. झेंडूचा हार, काच, ढग. तो मान कलती करून ऐकत होता. तोंडावर काही दिसेना.

“धूर कसा व्हता?” त्याने विचारलं. “निळा, का पांढरा?”

“निळा.”

“आन गाडी बंद पडली?”

“वळणावर.”

“मग टाकीत पेट्रोल कमी व्हतं,” तो म्हणाला, आणि निदान लागल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. “तूच घातलं आसशील.”

सुनंदाने चहा आणला. मी त्याला त्या मुलांबद्दल सांगितलं, जुन्या टू-स्ट्रोकबद्दल. “धूर मागतात?” त्याने दोनदा विचारलं. तो हसला नाही. विचारात पडला. “आज मागतात,” एवढंच म्हणाला. एजन्सी घेऊ की नको, यावर तो एक शब्द बोलला नाही. मी उठलो तसा तोही उठला, ओट्यावरून खाली उतरला.

“चल, जाता जाता ऐकव.”

आणि त्याने गाडीकडे पाठ केली. उजवा हात खांद्याच्या वर उचलला.

“हां, मार किक.”

किक नव्हती. मी किल्ली फिरवली, मूठ पिळली, आणि गाडी निघाली. निदान चाकाखालची खडी तरी त्याला ऐकू जाईल, असं मला वाटलं. कोपऱ्यावर पोचल्यावर आरशात पाहिलं. तो तसाच उभा होता. पाठ इकडे, हात वर, मान जराशी कलती.

मी थांबलो. या गाडीला एक बारीक हॉर्न होता. त्यावर अंगठा ठेवून मी किती वेळ उभा राहिलो, सांगता येत नाही. वाजवला असता तर तो हात खाली आला असता.